कितीपैकी?

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट या रस्त्यावर चौकाचौकात पोरापोरींचे फोटो झळकतात. फोटोखाली गुण, गुणांखाली क्लासचे नाव, त्याखाली मोबाइल नंबर. शेजारी गावातले चार पुढारीही हात जोडून उभे असतात. त्यांनी यात काय केले हे विचारायचे नसते. बी-बियाणे न्यायला आलेला बाप त्या फलकापुढे घटकाभर थांबतो आणि मनातल्या मनात तिथे आपल्या पोराचा फोटो लावून बघतो. त्या थांबण्यावर मराठवाड्यात एक मोठा धंदा उभा आहे. फलकावर सगळे आकडे असतात, एक सोडून. इतकी पोरे लागली हे असते. ती कितीपैकी लागली हे नसते.

हाच बाप पुढे शाळेत मास्तरांकडे जातो. हातात पोराचा दहावीचा मेमो, खिशात घडी घातलेले क्लासचे पत्रक. “सर, पोराचा नंबर लागंल का? क्लासवाले म्हणतेत हमखास लागतंय. तुम्ही तेवढं खरं सांगा.” मास्तर मेमो बघतात. गणितात ७१, विज्ञानात ७४. अचूक उत्तर त्यांच्याकडे नसते, पण अंदाज असतो. तरी ते म्हणतात, “पोरगं हुशार आहे मामा, मेहनत केली तर अवघड काय?” बाप समाधानाने उठतो. पंधरा दिवसांत सोसायटीचे कर्ज निघते, नाहीतर बायकोची पोत मोडते, नाहीतर रस्त्यालगतचा तुकडा कुणाच्या तरी नावावर चढतो. मास्तर खोटे बोलले नाहीत. पण बापाने विचारले होते त्याचे उत्तरही त्यांनी दिले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की या प्रश्नाला उत्तर आहे. ते शंभर टक्के बिनचूक नसेल, पण बापाने कर्ज काढावे की नाही हे ठरवण्याइतके पक्के नक्कीच आहे. आणि ज्याला ते ठाऊक आहे किंवा सहज काढता येते, त्याने ते न सांगणे याला मी भीडस्तपणा म्हणणार नाही. ती फसवणूक आहे. गरिबाच्या घरात ती फार महाग पडते.

आधी साधा हिशेब करू. २०२५ साली देशभरात सुमारे २२ लाख ९ हजार मुले ‘नीट’ला बसली. एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खासगी धरून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण सतरा-अठरा मुलांमागे एक जागा. त्यातल्या निम्म्याच्या आसपासच सरकारी. खासगी महाविद्यालयाची फी वर्षाला लाखांच्या हिशेबात जाते. तीन एकर कोरडवाहूवाल्याने ती जागा मोजायचीच कशाला? त्याच्यापुरता हिशेब पस्तीस-छत्तिसांत एकावर येतो. दिल्लीच्या एम्सची गोष्टच वेगळी, तिथे भारतीय विद्यार्थ्यांसाठी १२५ जागा आहेत. सगळा देश मिळून १२५.

आता ‘पात्र’ होण्याची गंमत बघा. त्याच वर्षी १२ लाख ३६ हजारांवर मुले ‘नीट’ पात्र ठरली. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा ५० व्या पर्सेंटाइलची, राखीव प्रवर्गांसाठी ४० व्या. ५० वा पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे, बस्स. त्या वर्षी ७२० पैकी १४४ गुणांना खुल्या प्रवर्गातला मुलगा पात्र ठरत होता. १४४ गुणांवर सरकारी एमबीबीएस मिळत नाही, हे क्लासच्या शिपायालाही ठाऊक असते. पण फलकावर ‘नीट परीक्षेत पात्र, हार्दिक अभिनंदन’ असे लिहिता येते आणि वाचणाऱ्याला पोरगा डॉक्टर झाल्यासारखे वाटते. पात्र झालेल्या दर दहा मुलांतल्या नऊ जणांना एमबीबीएसची जागा मिळत नाही, हे त्या फलकावर कुठे लिहायचे?

दुसरी गल्लत गुणांची. “आमच्या पोराला साडेसहाशे पडले पाहिजेत,” असे बाप घोकत असतो, कारण मागे कुणीतरी तो आकडा सांगितलेला असतो. गुणांना स्वतःची अशी किंमत नसते. ४ जून २०२४ ला निकाल लागला तेव्हा ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. वाढीव गुणांचा घोळ झाला, पेपरफुटीची प्रकरणे निघाली, तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सुधारित निकालात पहिल्या क्रमांकावर १७ जण उरले. पुढच्याच वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते आणि साडेसहाशेच्या वर सगळ्या देशात शंभर जणही नव्हते. आदल्या वर्षी त्याच साडेसहाशेला हजारो मुले रांगेत पुढे उभी होती. म्हणून अंदाज बांधायचा तो क्रमांकावर, गुणांवर नाही. पत्रकावर मात्र गुणच छापतात. ते मोठे दिसतात.

मग क्रमांकाचा अंदाज कसा बांधायचा? यात विद्वत्ता लागत नाही. राज्याचा सीईटी कक्ष दर फेरीची निवड यादी संकेतस्थळावर टाकतो. त्यात क्रमांक असतो, प्रवर्ग असतो, महाविद्यालय असते. गेल्या दोन वर्षांच्या शेवटच्या फेरीच्या याद्या उघडा, आपल्या प्रवर्गाला सरकारी महाविद्यालयात लागलेला शेवटचा क्रमांक शोधा. मग पोराने पूर्ण तीन तास घड्याळ लावून सोडवलेल्या शेवटच्या आठ-दहा सराव पेपरांची सरासरी काढा आणि त्या गुणांना गेल्या वर्षी देशात कितवा क्रमांक होता ते बघा. सरासरी म्हणतो, सगळ्यात भारी पेपर नव्हे. बाप आणि क्लास दोघेही सगळ्यात भारी पेपर धरून बसतात. परीक्षेच्या दिवशी मुलगा बहुधा आपल्या सरासरीच्याच आसपास उतरतो. दोन आकडे जवळजवळ असतील तर आशा धरायला जागा आहे. त्यांच्यात लाखभर क्रमांकांचे अंतर असेल तर बापाला तसे सांगायला हवे.

अमेरिकेतल्या मराठी घरांतही हा ताप आहेच. हार्वर्डला शंभरातल्या चारांच्या आसपास मुलांना प्रवेश मिळतो आणि त्या चारांत आपली मुलगी बसेल का, हे सांगायला तिथे सल्लागार डॉलर मोजून घेतात. तिथे प्रवेश कसा देतात ते आतल्यांनाच ठाऊक. अभ्यास, खेळ, इतर उपक्रम आणि स्वभाव यांना हार्वर्ड वेगवेगळे दर्जे देते, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप मिळते, हे आकड्यांनिशी बाहेर यायला २०१४ साली खटला भरावा लागला आणि २०१८ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात साक्षीपुरावे व्हावे लागले. आपल्याकडे यादी कुणालाही फुकट बघता येते आणि ती उघडून बघणारा सापडत नाही.

इस्लापूरसारख्या ठिकाणी हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण इथे रेषा फार आहेत. सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला पावसाळ्यात लांबून गाड्या येतात. पहिली रेषा हा धबधबा जिच्यावर आहे त्या पैनगंगेची; ती मराठवाडा आणि विदर्भ यांच्या मधून वाहते. २०२० पर्यंत राज्याच्या वैद्यकीय प्रवेशांत ७०:३० चे सूत्र होते. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, तीस टक्के सगळ्या राज्याला, आणि विभाग ठरायचा बारावी कुठून केली त्यावरून. तेव्हा विदर्भात राज्य सरकारची वैद्यकीय महाविद्यालये सहा होती: नागपुरात दोन, आणि अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया. मराठवाड्यात चार: औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. म्हणजे नदी ओलांडून उमरखेडला बारावी करणारा आणि अलीकडे किनवटला करणारा, दोघांचे गुण सारखे असले तरी नशीब सारखे नव्हते. त्यात लातूर-नांदेडच्या मुलांची चुरस, त्यामुळे मराठवाड्याचा कटऑफ वर चढलेला. मराठवाड्याने यावर बरीच वर्षे आरडाओरडा केला आणि सप्टेंबर २०२० मध्ये, लातूरचेच अमित देशमुख वैद्यकीय शिक्षण मंत्री असताना, ते सूत्र रद्द झाले. त्यानंतर धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना इथे सरकारी महाविद्यालयेही आली. पोराची संधी त्याच्या मेहनतीवर जेवढी ठरते तेवढीच सरकारने किती जागा कुठे काढल्या यावरही ठरते. नापास झालेल्या पोराला ‘तूच कमी पडलास’ म्हणताना एवढे तरी आठवावे.

दुसरी रेषा तेलंगणाची. तिकडचा लंबाडा अनुसूचित जमातीत, इकडचा बंजारा विमुक्त जातींत. भाषा एक, सोयरीक एक, प्रवर्ग दोन. त्यात न्याय कुणावर, अन्याय कुणावर, हा वाद इथे काढत नाही. अंदाज सांगणाऱ्याला मात्र ही रेषा ठाऊक असलीच पाहिजे, कारण आदिलाबादच्या मावसभावाचा कटऑफ इस्लापूरच्या पोराला लागू होत नाही आणि तांड्यावर सर्रास तोच सांगितला जातो.

तिसरी रेषा कागदाची. किनवट तालुक्यात गोंड, कोलाम, आंध, प्रधान यांची वस्ती मोठी. त्यांच्या मुलांच्या बाबतीत जे घडते ते मला क्लासच्या थापांपेक्षाही जास्त टोचते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर.

क्लासवाला खुल्या प्रवर्गातल्या मध्यम मुलाला ‘हमखास’ सांगतो. आश्रमशाळेतल्या हुशार मुलीला कुणीच काही सांगत नाही. ती दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असते. अकरावी विज्ञानाला गेली की सगळे इंग्रजीत. पहिल्या चाचणीत तिला ३० पैकी ९ पडतात. ती गप्प होते आणि शिक्षक ठरवून टाकतात की हे हिचे काम नव्हे. “डीएड कर, नाहीतर नर्सिंगला जा.” नर्सिंग वाईट नाही, पण तिला ते निवडून मिळाले पाहिजे, ढकलून नव्हे. खरी गोष्ट अशी की अनुसूचित जमातीसाठी राज्यात ७ टक्के जागा आहेत आणि त्या प्रवर्गाला लागलेला शेवटचा क्रमांक खुल्या प्रवर्गाच्या शेवटच्या क्रमांकापेक्षा कितीतरी मागे असतो. ज्या गुणांवर खुल्या प्रवर्गातल्या मुलाला ‘विसर’ म्हणावे लागते, त्याच गुणांवर या मुलीला सरकारी महाविद्यालयात जागा मिळण्याची चांगली शक्यता असते. तिच्या शिक्षकाने ती यादी कधी उघडलेलीच नसते. म्हणजे चूक दोन्हीकडे आहे, फक्त उलट्या दिशेने. ज्याची शक्यता कमी त्याला फुगवून सांगायची आणि जिची बरी तिला सांगायचीच नाही. पहिल्या चुकीत कुणाचा तरी फायदा आहे. दुसरीत कुणाचाच नाही, निव्वळ आळस आणि जुना तुच्छभाव आहे.

इथे कुणीतरी हटकून विचारतो, कमी गुणांवर लागलेली ती डॉक्टर तरी कशी होणार? तिलाही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या त्याच परीक्षा, त्याच उत्तीर्णतेच्या गुणांनी पार कराव्या लागतात. प्रवेशाच्या दारात सवलत आहे, बाहेर पडण्याच्या दारात नाही. एवढे उत्तर पुरे.

पण या मुलीची शक्यता नुसत्या गुणांवर ठरत नाही, व्हॅलिडिटीवर ठरते. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळे, हे अजून कित्येक घरांना प्रवेशाच्या आठवड्यात कळते. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, महसुली नोंदी, वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकाचे आधीचे प्रमाणपत्र, हे सगळे जमवायला महिने जातात. जमातीच्या दाखल्यांची तपासणी करणाऱ्या समितीच्या नावात किनवट आहे; तिचे मुख्यालय मात्र छत्रपती संभाजीनगरला. कोलाम पाड्यावरून तिथवर दोन चकरा म्हणजे बापाची किती दिवसांची मजुरी बुडाली ते मोजा. अर्ज अकरावीतच केला तर कागद वेळेत होतो. अकरावीत कुणी सांगितले नाही, तर चांगल्या क्रमांकाची मुलगी राखीव जागेवरून खाली येते. म्हणून आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकाने अकरावीच्या पहिल्या महिन्यात विचारायचा पहिला प्रश्न अभ्यासाचा नाही, कागदाचा आहे.

आता लातूर पॅटर्नविषयी, कारण त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उभे केले, दयानंद आणि इतर महाविद्यालयांनी जे पुढे नेले, त्याची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. मुंबई-पुण्याची मक्तेदारी असलेल्या गुणवत्ता याद्यांत दुष्काळी भागातल्या पोरांची नावे त्याने आणली. त्यात जादू कसलीच नव्हती. शिकवणे, लगेच परीक्षा, लगेच तपासून हातात पेपर, चूक दाखवणे, पुन्हा परीक्षा. म्हणजे पोराला दर आठवड्याला आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळत होते. त्या पद्धतीचा कणाच प्रामाणिक मोजमाप हा होता. आज लातूरच्या उद्योग भवन परिसरात आणि नांदेडच्या गल्ल्यांत परीक्षा पूर्वीपेक्षा जास्त होतात. मोजमाप वाढले आहे, पण ते बापापर्यंत पोहोचत नाही. दर रविवारच्या चाचणीचा आकडा क्लासच्या संगणकात असतो. बाराव्या चाचणीलाच जाणत्या शिक्षकाला कळलेले असते की हा मुलगा कुठवर जाईल. बापाला फोन जातो तो पुढच्या हप्त्यासाठी.

‘स्कॉलरशिप टेस्ट’ हा याच धंद्याचा ताजा अवतार. एखाद्या रविवारी तालुक्याच्या गावी परीक्षा ठेवतात. फुकट. संध्याकाळी फोन: तुमच्या मुलाला साठ टक्के शिष्यवृत्ती मिळाली, मंगळवारपर्यंत प्रवेश घ्या. बापाला वाटते पोराची निवड झाली. निवड कसली? किमतीवर आधी चढवलेला भाव उतरवून सांगितला. शेजारच्या पोराला पन्नास टक्के मिळालेली असते, त्याच्या शेजारच्याला सत्तर. अजिबात न मिळालेले पोर गावात शोधून सापडत नाही.

मग येते ‘रिपीट’. पहिल्या वर्षी ३१० पडले, दुसऱ्या वर्षी ३९० पडले, आता तिसऱ्या वर्षी नक्की. २०२२ पासून ‘नीट’ला वयाची वरची मर्यादा नाही, किती वेळा बसावे यालाही नाही. थांब म्हणणारे कुणीच उरले नाही. तामिळनाडू सरकारने न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीकडून २०२१ मध्ये ‘नीट’चा अभ्यास करवून घेतला. त्यात असे दिसले की त्या राज्यात वैद्यकीयला लागलेल्यांत पुन्हा बसणाऱ्यांचे प्रमाण २०१६-१७ साली सुमारे १२ टक्के होते, ते २०२०-२१ साली सुमारे ७१ टक्क्यांवर गेले. तमिळ माध्यमातली आणि खेड्यातली मुले त्याच काळात मागे पडली. म्हणजे ही परीक्षा जितकी हुशारीची आहे तितकीच थांबून राहण्याच्या ऐपतीची आहे. वकिलाचा मुलगा तीन वर्षे थांबू शकतो. इस्लापूरच्या शेतमजुराच्या मुलीला एक वर्ष थांबणेही जड जाते. दुसऱ्या वर्षी घरात स्थळे बघायला सुरुवात होते. तेव्हा शक्यता सांगताना ‘किती टक्के’ याच्या जोडीला ‘किती वर्षांत’ आणि ‘किती रुपयांत’ हेही सांगितले पाहिजे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या सरासरीत फारशी वाढ नसेल तर तिसऱ्या वर्षाला माझा स्पष्ट नकार आहे. पोराला त्याची पहिली वीस वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

याला उत्तर म्हणून एक वाक्य नेहमी फेकले जाते. “खरे सांगितले तर पोरगं खचेल.” मी हे उलटे पाहिले आहे. लातूर-नांदेडच्या खोल्यांत खचलेली पोरे बहुतेक अशी असतात ज्यांना दोन वर्षे ‘हमखास’ सांगितलेले असते. घरी गावभर सांगून झालेले, आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘माझा नातू डॉक्टर व्हायलाय’ म्हणते, आणि निकालाच्या दिवशी पोरगा घरचा फोन उचलत नाही. चुकीच्या आशेचे ओझे खांद्यावर असते म्हणून साधे अपयशही त्याला आभाळाएवढे वाटते. ज्याला आधीच सांगितले होते की पस्तीस-छत्तिसांत एकाला जागा आहे, तुझी सरासरी अमुक आहे, प्रयत्न कर पण दुसरे दार उघडे ठेव, तो हरतो तेव्हा रडतो आणि उठतो. आपले संत आणि सुधारक लोकांना खरे सांगायला कधी लाजले नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे लेखी मांडले की शेतकऱ्यांच्या घामाच्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण चालले आहे आणि खेड्यातल्या पोरांना प्राथमिक शाळाही धड नाहीत. आज शेतकऱ्याचा पैसा सरकारमार्फत जात नाही, तो सरळ पावती फाडून क्लासकडे जातो. हिशेब तेव्हाही मागावा लागला होता.

दुसरी दारे कोणती, हे इथे थोडक्यात. नांदेडच्या विष्णुपुरीतली श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. तिथे लागणे सोपे नाही, पण ते आवाक्यातले अवघड आहे. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार आहे, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी शिक्षकांना ते माहीत नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क २०२४ पासून राज्याने माफ केले आहे. हे सगळे अकरावीआधी सांगायचे असते. ‘नीट’चा निकाल लागल्यावर सांगितले की ते सांत्वन वाटते आणि पोरगे ऐकत नाही.

‘कितीपैकी’ हा प्रश्न विचारायला नवा कायदा यावा लागेल असे कुणाला वाटत असेल तर तसे नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका, क्रमांकाची किंवा गुणांची हमी देऊ नका, मधेच सोडणाऱ्याला उरलेली फी परत करा, असे त्यात आहे. आणि त्यातच असेही आहे की क्लासने आपल्या संकेतस्थळावर किती विद्यार्थी शिकले आणि त्यांतल्या कितींना प्रवेश मिळाला, या दोन्ही संख्या द्याव्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींविरुद्ध वेगळे नियम केले. यशस्वी मुलाचा फोटो छापायचा तर त्याने कोणता कोर्स, किती काळ केला तेही सांगायचे, आणि त्याची लेखी संमती निवड झाल्यानंतर घेतलेली हवी. एकच पोरगी तीन क्लासच्या फलकांवर कशी हसते, याचा उलगडा या नियमाने व्हावा. सरकार अंमलबजावणी करील तेव्हा करील. विचारायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा इस्लापूर, हिमायतनगर, किनवटच्या शिक्षकांना एक विनंती. दहावीच्या निकालानंतर एक दिवस शाळेत पालकांना बोलवा, सीईटी कक्षाची गेल्या वर्षीची निवड यादी मोठ्या पडद्यावर उघडा आणि प्रवर्गवार शेवटचे क्रमांक मोठ्याने वाचून दाखवा. व्हॅलिडिटीचा अर्ज त्याच दिवशी भरून घ्या. मेमो हातात घेऊन विचारणाऱ्या बापाला खरा अंदाज सांगा, तो वाईट असला तरी. तुमच्या आश्रमशाळेतली मुलगी सरासरीने त्या यादीच्या जवळ येत असेल तर तिच्या घरी जाऊन सांगा, कारण ती तुमच्याकडे येणार नाही.

आणि पालकांनो, पुढच्या जूनमध्ये क्लासचा माणूस पत्रके घेऊन दारात आला की त्याच्याकडून दोन आकडे लेटरहेडवर, सहीनिशी मागा: गेल्या वर्षी तुमच्याकडे एकूण किती मुले होती आणि त्यांतली किती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात लागली. नाही दिले, तर फी भरू नका.